पिसांचा प्रश्न आवडीनिवडीचा नाही

‘बाणाला पिसं कुठली लावायची, ही ज्याची त्याची आवड.’ इथे पेनसिल्व्हेनियात धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणाऱ्यांच्या तोंडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता चीड येते. (भारतात शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि ती असावीच. हे जिथे ती परवाना काढून चालते तिथलं आहे.) रंग आवडीचा घ्या, गुलाबी लावा नाहीतर भगवा. लांबी आणि पीळ यांत मात्र आवड आणू नका, कारण चुकलं तर भोगतं ते हरीण.

सध्या फॅशन आहे ती दोन इंची, सरळ चिकटवलेल्या प्लास्टिकच्या पिसांची. कारण काय, तर वेग! ठीक, हिशेब करू. हरीण चाळीस यार्डांवर, म्हणजे १२० फुटांवर आहे. सेकंदाला २८० फुटांनी जाणारा बाण तिथे ०.४३ सेकंदात पोचतो, २९० फुटांनी जाणारा ०.४१ मध्ये. दोरीचा आवाज मात्र एक दशांश सेकंदातच पोचलेला असतो आणि हरीण दचकून खाली दबायला लागलेलं असतं. ज्या दहा फुटांसाठी एवढा आटापिटा, त्यांनी काय साधलं?

उलट बाजू बघा. शिकारीचं टोक, ब्रॉडहेड, म्हणजे बाणाच्या नाकावरचे पंखच. बाण जरा तिरका सुटला की ती पाती हवा धरतात आणि त्याला भलतीकडे ओढतात. त्याहून जास्त जोर मागच्या पिसांनी लावायचा असतो. त्यासाठी लांबी हवी, आणि बाण स्वतःभोवती फिरावा म्हणून पीळ हवा. सरावाच्या गुळगुळीत टोकाने हा दोष दिसतच नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: धनुष्य नीट जुळवलेलं असेल तर छोटी पिसं पुरतात. मैदानात, सपाट जमिनीवर, पुरतात. नोव्हेंबरच्या थंडीत, जाड कोट घालून, झाडावरच्या मचाणावर अंग वळवून दोरी सोडताना माझा हात तोच राहत नाही. तुमचा राहतो? तीस यार्डांवरून मारलेला माझा एक बाण बरगड्यांच्या मागे, पोटात लागला. हात माझाच चुकला होता, पण ती चूक सावरायला मागे दोनच इंच होते. रात्रभर आणि दुसरा अख्खा दिवस शोधूनही ती मादी सापडली नाही.

आता मी चार इंची, पीळ देऊन लावतो. खरी टर्कीची पिसं हवा चांगली धरतात, पण भिजली की चपटी होतात आणि उडताना सूं आवाज करतात. म्हणून पावसाळी दिवशी प्लास्टिक. बाण थेट हातावरून किंवा धनुष्याच्या खाचेवरून सोडत असाल तर मात्र खरीच लावा, ती दबून निघून जातात, प्लास्टिक आपटतं. आणि एका बाणाला डाव्या-उजव्या पंखांची सरमिसळ नको, दोन्हींचा बाक उलटा असतो.

हंगामाआधी चाळीस यार्डांवर दोन्ही टोकं आलटूनपालटून मारून बघा. एका जागी बसत नसतील तर आधी पिसं खरवडून काढा, मग आवडीबद्दल बोलू.