अंगणातल्या पाण्याचा हिशेब



गेल्या महिन्यात आमच्या चाळीची बैठक झाली. विषय एकच होता. पुढचे अंगण पूर्वीच पक्के झाले आहे, आता मागचेही पेव्हर ब्लॉकने भरून घ्यायचे की नाही? निधी मिळण्यासारखा होता. बहुतेकांचे हात वर झाले. आम्ही मात्र हात वर केला नाही. तेव्हा तळमजल्यावरच्या एक मावशी आमच्यावर चिडल्या. म्हणाल्या, "भाऊ, आमचा सगळा जन्म चिखलात गेला. आता नातवंडांच्या पायाला चिखल लागू नये म्हटलं, तर तुम्हीच मोडता घालता?"

मावशींचे म्हणणे खोटे नाही. आम्हीही अशाच वस्तीत वाढलो. पावसाळ्यात चपला हातात धरून शाळेत गेलो. पक्की फरशी ही आपल्या माणसांसाठी नुसती सोय नसते, ती इभ्रत असते. पण याच मावशींच्या खोलीत दर पावसाळ्यात दोन-तीन वेळा पाणी शिरते. पुढचे अंगण पक्के करताना ते वीतभर उंच झाले आणि त्यांचा उंबरठा खाली राहिला.

आम्ही विचारले, "मावशी, पाणी येतं कुठून?"

"गटारातून."

"आणि गटारात?"

मावशी गप्प बसल्या. उत्तर सगळ्यांच्या पायाखालीच होते.

आम्ही पेशाने कारकून. जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. आमचे मागचे अंगण 60 फूट लांब आणि 40 फूट रुंद आहे. एक इंच पाऊस झाला की त्यावर सुमारे 5,600 लिटर पाणी पडते. दोनशे लिटरची 28 पिंपे भरतील इतके! मोकळ्या मातीत त्यातले बरेचसे मुरते. अंगण पक्के झाले की जवळजवळ सगळेच पाणी काही मिनिटांत गटाराकडे धावते. प्रत्येक चाळीने, प्रत्येक इमारतीने हेच केले तर गटाराने काय करावे?

हा हिशेब मोठ्या शहरालाही चुकलेला नाही. मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या बांधताना तासाला 25 मिलिमीटर पाऊस धरला होता. त्यातला निम्माच वाहून येईल, निम्मा जमिनीत मुरेल, असेही गृहीत धरले होते. 1993 च्या 'ब्रिमस्टोवॅड' अहवालाने सांगितले की आता तासाला 50 मिलिमीटर धरा, आणि पडेल ते सगळे पाणी वाहूनच येणार असे समजा. मुरण्यासाठी मोकळी जमीन उरली नाही, असाच याचा अर्थ. पुढे 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या रात्री काय झाले ते आपल्या वस्त्यांना कोणी सांगायला नको.

मग उपाय काय? सिंगापूरचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तिथेही उष्ण हवा आणि धो धो पाऊस. पुरावर उपाय म्हणून त्यांनी नद्या-ओढे सिमेंटच्या सरळ कालव्यांत बांधून टाकले होते. 2006 साली तिथल्या जलमंडळाने नवे धोरण आणले. कालांग नदीचा बिशान उद्यानालगतचा 2.7 किलोमीटरचा सिमेंटचा कालवा फोडला आणि तिथे 3.2 किलोमीटर लांबीची वळणावळणाची नदी केली. काठाला दगड, गवत आणि झाडे लावली. मुळांनी काठ धरून ठेवावा अशी योजना होती. सगळीकडे काम करण्याआधी एका लहान पट्ट्यावर निरनिराळ्या पद्धती करून पाहिल्या. 2012 साली हे उद्यान खुले झाले. कोरड्या दिवसांत लोक नदीकाठी मुलांना घेऊन बसतात. मोठा पाऊस आला की सूचना देणारा भोंगा वाजतो, लोक वर येतात आणि नदी शंभर मीटरपर्यंत पसरते. पाण्याला पसरायला जागा ठेवली आहे, म्हणून ते घरात शिरत नाही.

तेवढी जागा आपल्याकडे कुठली, असे कोणी म्हणेल. पण हेच काम लहान प्रमाणात अंगणातही होते. गावाकडे आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' ऐकत आलो. शोषखड्डाही आपल्याला ठाऊक आहे. त्यावर झाडे लावली की झाला पाणी जिरवणारा वाफा.

अंगणाच्या दहाव्या हिश्शाइतकी जागा घ्यावी. तळाशी खडी, वर रेती मिसळलेली माती, आणि माथा अंगणापेक्षा अर्धा फूट खोल ठेवावा. आमच्या अंगणात असा वाफा एका वेळी 17 पिंपे पाणी नुसत्या खोलगट भागात धरेल, मुरेल ते वेगळे. उरलेले पाणी गटारात जायला वरच्या बाजूने वाट ठेवावी. वाळा आणि कर्दळ लावावी. आपल्याकडे पाऊस चारच महिने असतो, म्हणून ओले आणि कोरडे दोन्ही सोसणारीच झाडे हवीत. त्यांची मुळे माती भुसभुशीत ठेवतात आणि पाणी मुरत राहते.

पथ्येही आहेत. वाफा भिंतीपासून दहा फूट तरी दूर असावा. मोरीचे किंवा संडासाचे पाणी त्यात येता कामा नये. पाणी एक-दोन दिवसांत जिरलेच पाहिजे. डासाच्या अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा लागतो, त्याआधी वाफा कोरडा झाला की भीती नाही. माती चिकट असेल तर तळाशी भोकांचा पाइप टाकून तो गटाराला जोडावा. आणि दर आठवड्याला पिशव्या नि पाला काढायला माणूस हवा. हे जमणार नसेल तर वाफा करूच नये, त्याचा उकिरडा होईल.

26 जुलैसारखा पाऊस वाफ्याने अडणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. नाले रुंद करणे, गाळ काढणे, पंप चालू ठेवणे हे महापालिकेचेच काम आहे आणि ते आपण मागत राहिले पाहिजे. पण आडवा-तिडवा पाऊस रोज येत नाही. नेहमीच्या सरीने जे घोटाभर पाणी मावशींच्या खोलीत येते, ते बऱ्याच अंशी कमी करणे आपल्या हातात आहे.

बैठकीत शेवटी असे ठरले की येण्या-जाण्याच्या वाटेवर फरशी करायची, मागच्या कुंपणालगत वाफा करायचा आणि एक पावसाळा पाहायचे. मावशी म्हणाल्या, "पाणी आलं तर तुमच्याच घरी झोपायला येईन हं, भाऊ!" आम्ही म्हटले, "खुशाल या." आणि शनिवारचा पाला काढण्याची पहिली पाळी त्यांनीच मागून घेतली.

वाचकहो, तुमच्या वस्तीतही अंगण पक्के करण्याचा प्रस्ताव येईल. हात वर करण्यापूर्वी लांबी-रुंदी मोजा, पाण्याचा हिशेब मांडा आणि तळमजल्यावर कोण राहते ते आठवा.