फासे कोणाच्या हाती?

२०२५च्या दिवाळीनंतरची गोष्ट. हदगावच्या मोंढ्यात एका परिचिताच्या आडतीवर बसलो होतो. ऑगस्ट-सप्टेंबरातील अतिवृष्टीने नांदेड जिल्ह्यातील खरीप झोडपून काढला होता. हाती लागलेले थोडेबहुत सोयाबीन डागी. केंद्राने जाहीर केलेला क्विंटलला ५ हजार ३२८ रुपयांचा हमीभाव अशा मालाच्या वाट्याला येणे कठीणच. ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा शेजारी येऊन बसला. पदवीधर, पंचविशीतला, वडिलांबरोबर माल घेऊन आलेला. वडील पट्टी करण्यात गुंतलेले पाहून त्याने हळूच मोबाइल माझ्यापुढे धरला. “काका, तुम्ही पेपरातले माणूस. ही बिंगोची साइट खरी आहे का खोटी, तेवढं पाहून सांगा.”

“किती लावलेस?” मी विचारले.

“अकरा हजार.”

“आणि आले किती?”

“खात्यात चौदा दिसतात, काका. पण निघत नाहीत.”

‘दिसतात, पण निघत नाहीत’ या चार शब्दांत या साऱ्या व्यवसायाचे सार आले आहे, हे मला दोन दिवसांनी उमगले. ते दोन दिवस मी एकही रुपया न लावता, पण खेळणाऱ्याच्या नजरेने ती साइट, तिच्या अटी आणि त्या मुलाच्या खात्यातील नोंदी वाचून काढल्या. त्या वाचनातून जे हाती आले, ते वाचकांपुढे ठेवण्यासाठी हा लेखप्रपंच.

बिंगो हा शब्द परका वाटला, तरी खेळ आपल्या ओळखीचा आहे. आपली हाउजी किंवा तंबोला तो हाच. इटलीतील ‘तोंबोला’ या खेळावरून तंबोला हे नाव आले. इंग्रजी अमदानीत लष्करी छावण्या, क्लब आणि रेल्वे वसाहती यांच्या वाटेने तो आपल्याकडे रुजला. तिकिटावर तीन ओळी, पंधरा आकडे. पिशवीत एक ते नव्वद. आज गणेशोत्सवाच्या मंडपात, हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात, स्नेहसंमेलनात हाउजी असतेच. दहा रुपयांचे तिकीट, निवेदकाच्या कोट्या, ‘जल्दी पाच’ म्हणून कोणीतरी मारलेली आरोळी आणि ‘फुल हाउस’ मिळवणाऱ्या काकूंचे कौतुक. शंभर तिकिटे खपली तर हजार रुपये जमतात; सात-आठशेची बक्षिसे वाटून उरलेले मंडळाच्या प्रसादाला जातात. पैसा फिरतो, पण मंडपातच राहतो. या खेळात कोणाचे घर बुडाल्याचे ऐकिवात नाही. म्हणूनच तोच खेळ मोबाइलच्या पडद्यावर आला, तेव्हा त्याच्याकडे कोणी संशयाने पाहिले नाही. त्या मुलानेही पाहिले नव्हते.

चार साधे प्रश्न

कोणत्याही खेळणाऱ्याने चार प्रश्न विचारायला हवेत. पहिला प्रश्न : आकडे कोण काढतो? मंडपात पिशवी सर्वांसमोर असते आणि आकडा काढणारे बहुधा गल्लीतलेच एखादे लहान मूल असते. पडद्यावर आकडे काढतो संगणकाचा आडाखा. तो निःपक्ष आहे, हे कोणी तपासले? ब्रिटनमध्ये बिंगो अतिशय लोकप्रिय आहे. तेथे २००५च्या जुगारविषयक कायद्यानुसार अशा प्रत्येक साइटला सरकारी आयोगाचा परवाना घ्यावा लागतो. मी पाहिलेल्या साइटवर कुठल्याशा दूरच्या बेटाचे नाव आणि एक परवाना क्रमांक होता. त्यावर बोट ठेवले तर काहीच उघडत नव्हते. कंपनीचा पत्ता नाही, दूरध्वनी नाही, तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव नाही. पिशवी कोणाच्या हाती आहे, हेच ठाऊक नसेल तर तो खेळ कसला?

दुसरा प्रश्न : कापले किती जाते? हा आकडा साइटवर कोठेही नव्हता. आपण असे धरू की, तिकिटांच्या शंभर रुपयांतून पंच्याऐंशी बक्षिसांत परत येतात आणि पंधरा चालक ठेवतो. पंधरा टक्के म्हणजे फार नव्हे, असे वाटेल. आपले मंडळही प्रसादासाठी तेवढे, किंबहुना अधिक कापते! पण मंडपातली हाउजी वर्षातून एकदा, अर्धा-पाऊण तास चालते. पडद्यावरचा डाव काही मिनिटांत संपतो आणि दुसरा लगेच उभा राहतो. परत आलेले पंच्याऐंशी पुन्हा लावले की सरासरीने बहात्तर उरतात. पाच डावांनंतर चव्वेचाळीस आणि दहा डावांनंतर शंभराचे वीसही उरत नाहीत. एका रात्रीत दहा डाव सहज होतात. नशीब एखाद्याला एखाद्या रात्री साथ देईल. पण रोज खेळणाऱ्याला हे गणित सोडत नाही.

तिसरा प्रश्न : ‘मोफत’ म्हणजे काय? ‘हजार भरा, वर हजार मोफत’ असे तेथे ठळक अक्षरांत लिहिले होते. अटी मात्र बारीक इंग्रजी अक्षरांत, सात पडदे खाली. मोफत मिळालेल्या रकमेच्या वीसपट तिकिटे घेतल्याशिवाय खात्यातून एक रुपयाही काढता येणार नाही, अशी त्यात अट होती. हजाराचे वीसपट म्हणजे वीस हजार. पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने वीस हजारांच्या तिकिटांवर सरासरी तीन हजार रुपये कापले जाणार. हजाराच्या देणगीसाठी तीन हजारांची किंमत! त्या मुलाचे चौदा हजार ‘दिसत होते, पण निघत नव्हते’, त्याचे एक कारण हे. ती रक्कम त्याची नव्हतीच. त्याला खेळत ठेवण्यासाठी पडद्यावर लिहिलेली ती केवळ एक संख्या होती.

चौथा प्रश्न : पैसा कोणत्या वाटेने जातो आणि कोणत्या वाटेने परत येतो? त्याने पाच वेळा पैसे भरले होते आणि पाचही वेळा ते वेगवेगळ्या व्यक्तींच्या नावांवरील खात्यांत गेले होते. खरी व्यापारी पेढी असे करत नाही. अशी खाती बहुधा गरजू माणसांकडून थोड्या पैशांत भाड्याने घेतलेली असतात. त्यांपैकी एखादे खाते सायबर गुन्ह्यात सापडले, तर त्याच्याशी व्यवहार करणाऱ्याचे स्वतःचे खातेही गोठवले जाऊ शकते. अनुदान आणि पीकविम्याची रक्कम ज्या खात्यात येते, तेच खाते बंद पडले तर शेतकऱ्याने जावे कोठे?

चारही प्रश्नांची उत्तरे नापास अशीच होती. पण समजा, एखादी साइट या चारही कसोट्यांवर उतरली, तर ती चांगली म्हणायची का? माझे उत्तर नाही असेच आहे. प्रामाणिक चालकसुद्धा त्या दहा डावांचे गणित बदलू शकत नाही. ज्या ब्रिटनमध्ये परवाने, तपासण्या, सारे काही आहे, त्यालाही एप्रिल २०२०पासून क्रेडिट कार्डावर जुगार खेळण्यास बंदी घालावी लागली. कारण लोक उसन्या पैशावर खेळू लागले होते.

जुना रोग, नवा पडदा

महाराष्ट्राला आकड्यांच्या या व्यसनाचा अनुभव जुना आहे. मटक्याचा उगम कापसात आहे, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद होणारे भाव मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लावले जात. ती पद्धत बंद पडल्यावर साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढण्याचा धंदा उभा केला. कापूस पिकवणारा आमचा मराठवाड्यातला शेतकरी भावासाठी तळमळत राहिला आणि कापसाच्या भावावरून जन्मलेला जुगार मात्र त्याच्या गावच्या पानटपरीपर्यंत पोहोचला. या अवैध जुगाराला आळा बसावा, म्हणून राज्य शासनाने १२ एप्रिल १९६९ रोजी स्वतःची लॉटरी सुरू केली. तरीही मटका थांबला नाही. जुगाराला पर्याय म्हणून दुसरा जुगार दिल्याने जुगार संपत नाही, हा त्यातील धडा.

म्हणूनच संसदेने ऑगस्ट २०२५मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याचे स्वागत करायला हवे. २२ ऑगस्ट रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, या वर्षानुवर्षे चाललेल्या शब्दच्छलात न पडता पैसे लावून खेळण्याचे सारे ऑनलाइन खेळ या कायद्याने निषिद्ध ठरवले. असे खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला मात्र गुन्हेगार न मानता बळी मानले आहे, ही त्यातील विवेकाची बाजू. सुमारे ४५ कोटी लोकांना या खेळांची झळ बसली आणि त्यांचे २० हजार कोटींहून अधिक रुपये बुडाले, असा शासनाचा अंदाज होता. व्यक्तिस्वातंत्र्य आणि रोजगार यांचे दाखले देत या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. परंतु जुगार हा घटनेने संरक्षण दिलेला व्यापार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५७मध्येच चमारबागवाला खटल्यात स्पष्ट केले होते.

कायद्यानंतर देशातील मोठ्या कंपन्यांनी पैशाचे खेळ थांबवले. पण परदेशात बसलेले चालक नाव आणि पत्ता बदलून येतच राहतात. हदगावच्या मोंढ्यातील तो मोबाइल याचाच पुरावा होता. एक पत्ता बंद केला की दुसरा उघडतो. येथे शासनाची मर्यादा संपते आणि समाजाचे काम सुरू होते.

आपल्या पूर्वजांचे शहाणपण

या विषयावर आपल्या पूर्वजांनी जितका सखोल विचार केला, तितका क्वचितच कोणी केला असेल. मनूने राजाला द्यूत राज्यातून हद्दपार करण्यास सांगितले. कौटिल्य व्यवहारी; त्याने ‘द्यूताध्यक्ष’ नेमला, खेळ एकाच ठरलेल्या जागी व्हावा असे बंधन घातले, फासे अध्यक्षानेच पुरवावेत असे सांगितले आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेण्याची मुभा दिली. अन्यत्र खेळणाऱ्यास दंड. एकाचा मार्ग निषेधाचा, दुसऱ्याचा नियंत्रणाचा. पण लपून चालणारे द्यूत दोघांनाही मान्य नव्हते. सभापर्वातील द्यूतात पण लावतो दुर्योधन आणि फासे टाकतो शकुनी. एकाने दुसऱ्यासाठी खेळणे योग्य नव्हे, हे युधिष्ठिराला कळत होते. कळूनही तो बसला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. आजच्या पडद्यामागचा शकुनी तर दिसतही नाही.

मात्र, परंपरेचे दाखले देताना स्वतःकडेही पाहिले पाहिजे. पोळ्याच्या निमित्ताने रंगणारे तिरटचे डाव आपण ‘सणाचे आहे’ म्हणून सोडून देतो. दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा म्हणतात, याचा आधार घेऊन पत्ते पिसतो. मंडळाच्या हाउजीत बक्षीस म्हणून रोख रकमेची पाकिटे ठेवतो. मीही अशा हाउजीचे आकडे हौसेने पुकारले आहेत. समोर बसलेल्या मुलांना आपण काय शिकवतो आहोत, हा प्रश्न तेव्हा मनाला शिवला नाही. हाउजी बंद करा, असे मी म्हणत नाही. पण तिकिटाला पैसे नकोत आणि बक्षिसात रोख नको; पुस्तक द्या, रोप द्या, भांडे द्या. शिवाय त्याच मंडपात पाच मिनिटे काढून दहा डावांचे गणित फळ्यावर मांडून दाखवा. हदगाव तालुक्यातील तामशाला बारालिंग महादेवाची भाजी-भाकरीची पंगत बसते. घराघरांतून आलेली भाकरी सर्वांच्या पानात जाते. एकाच्या हानीवर दुसऱ्याचा लाभ नाही, अशी ती रीत. आपल्या उत्सवांचा पिंड हा आहे.

तिसऱ्या दिवशी मी त्या मुलाला चारही उत्तरे सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बाबांना कसं सांगू?” मी त्याच्याबरोबर त्याच्या घरी गेलो. वडील रागावले नाहीत. ते फक्त म्हणाले, “आधी बोलला असतास तर बरं झालं असतं.” त्याच रात्री १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे परत आलेले नाहीत. अशी लाज घेऊन कित्येक मुले एकटीच बसलेली असतील. घरात बोलण्याइतका धीर त्यांना देणे, हे कोणत्याही बंदीइतकेच महत्त्वाचे आहे. मन फार खचले असेल तर १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते, हेही घराघरांत माहीत असावे.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एका जुगाऱ्याचे सूक्त आहे. घर तुटलेले, पत्नी दुरावलेली, आई शोकात, डोक्यावर ऋण. त्या हतबल माणसाला शेवटी उपदेश मिळतो, तो फासे सोडून शेत नांगरण्याचा. हजारो वर्षांपूर्वीचे ते शब्द पैनगंगेकाठच्या या काळ्या मातीत आजही तितकेच खरे आहेत. तो मुलगा त्यानंतरच्या आठवड्यात वडिलांबरोबर हरभरा पेरत होता. शेतीचाही भरवसा नाही, हे आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना कोणी शिकवायला नको. पाऊस दगा देतो, बाजार दगा देतो. पण तेथे बी आपल्या हाताने पडते आणि उगवलेले आपल्या डोळ्यांना दिसते.