इंद्रजाल आणि हस्तलाघव

श्रावणांतील झडीच्या दिवसांत मुलांना घरांत रमविणें ही वडीलधाऱ्यांची परीक्षाच असते. आमच्या महाडच्या घरीं जोडून सुटी आल्यामुळें मुंबईचीं नातवंडें आलीं होतीं आणि पोलादपूरचा भाचा आपल्या मुलासह आला होता. सावित्रीचें पाणी किती चढलें याची दर तासाला चौकशी होई, व मधल्या वेळांत माजघरांत पत्त्यांचा कॅट निघे. डाव मात्र पडत नसे; चाले ती जादू, आणि जादूवरून भांडण.

भाच्याच्या मुलाची अभिरुचि गणिती. त्यानें २१ पानें तीन उभ्या ओळींत सात सात मांडावीं, मनांत धरलेलें पान कोणत्या ओळींत आहे एवढेंच विचारावें, ती ओळ इतर दोहोंच्या मध्यें ठेवून पानें पुन्हां तशींच मांडावीं, आणि असें तीनदां झाल्यावर वरून अकरावें पान उलटावें. तें नेमकें आपलेंच निघतें. यांत लबाडी नाहीं. पहिल्या खेपेस पान मधल्या सातांत येतें, दुसऱ्या खेपेस मधल्या तिहींत, तिसऱ्या खेपेस बरोबर मध्यावर. माझ्या नातीस ही करामत मुळींच मान्य नाहीं. "ही तर बेरीज झाली," असें ती म्हणते. तिला हवें बोटांचें कसब.

हा वाद ऐकून मला जुन्या ग्रंथांची आठवण झाली. चौसष्ट कलांच्या प्राचीन यादींत ऐंद्रजाल आणि हस्तलाघव यांच्या निरनिराळ्या नोंदी आहेत. श्रीहर्षाच्या 'रत्नावली'च्या चौथ्या अंकांत ऐंद्रजालिक आकाशांत देव दाखवितो, अंतःपुराला आग लागल्याचा भास करवितो, आणि राजासुद्धां फसतो. हस्तलाघवाला एवढा पसारा लागत नाहीं. चटईवर समोर बसलेला एक शंकेखोर माणूस पुरतो.

गेल्या शतकांत महाराष्ट्रांत पहिल्या प्रकाराची गोडी ज्यांनीं लावली त्यांत जादूगार रघुवीर यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. पुण्याचे हे रघुवीर भोपळे १९२४ सालीं जन्मले व १९८४ सालीं वारले. त्यांनीं देशोदेशीं प्रयोग केले, 'प्रवासी जादूगार' हें पुस्तकहि लिहिलें. पुढें चिरंजीव विजय रघुवीर व नातू जितेंद्र रघुवीर यांनीं तोच वसा चालविला. जादू म्हणजे रस्त्यावरच्या गारुड्याचा खेळ, ही समजूत जाऊन ती तिकीट काढून मुलांबाळांसह पाहण्याची गोष्ट झाली, यांत त्यांचा वांटा मोठा आहे असें मला वाटतें.

त्या वांट्याचा एक कण आमच्याहि पदरीं आला. माझे पोलादपूरचे मामा पुण्यास नोकरीला असतांना रघुवीरांचा प्रयोग पाहून आले आणि गांवीं परततांना पत्त्यांचे दोन कॅट घेऊन आले. रंगमंचावरचा सरंजाम पोलादपुरास कोठून आणणार? त्यांनीं बोलण्याची ढब तेवढी उचलली व हातांत पानें घेतलीं. चौकटचा गुलाम हा रुसलेला जांवई, बदामाची राणी ही माहेरवाशीण, अशा गोष्टी लावून ते पान दडवीत आणि काढीत. आमच्या तीर्थरूपांच्या लेखीं पत्ते म्हणजे साक्षात् द्यूतसभा. ते पाठ करून बसत; पण हळूहळू त्यांची मान वळे. मामांचा नियम एकच : एका बैठकींत एक खेळ दोनदां करावयाचा नाहीं.

या नियमाचें मर्म मला पुष्कळ वर्षांनीं, डाय व्हर्नन या कॅनडांत जन्मलेल्या पत्तेबहाद्दराची हकीकत वाचतांना कळलें. कोणतीहि जादू तीनदां दाखवा, तिचें रहस्य मी सांगतों, अशी प्रौढी हुदिनी मिरवीत असे. १९२२ सालीं व्हर्नननें त्याच्यासमोर कॅटाच्या मध्यें घातलेलें पान वर आणलें, पुन्हां पुन्हां आणलें, आणि हुदिनी हरला. नियम मोडण्याचा अधिकार अशा हातांनाच! व्हर्नन १९९२ सालीं, वयाच्या ९८ व्या वर्षीं वारला. त्याच्याबरोबर हिंडण्यासाठीं चौदाव्या वर्षीं घर सोडलेला पर्सी डायाकोनिस पुढें मोठा गणिती झाला. त्याच १९९२ सालीं त्यानें व डेव्ह बायर यांनीं दाखवून दिलें कीं, कॅटाचे दोन भाग करून ते एकमेकांत मिसळण्याच्या रीतीनें ५२ पानें पिसलीं, तर तीं नीट सरमिसळ होण्यास सुमारें सात वेळां पिसावीं लागतात. हस्तलाघवाच्या गुरूचा शिष्य बेरजेकडे गेला, हें मीं सांगतांच भाच्याच्या मुलानें नातीकडे विजयी मुद्रेनें पाहिलें.

माझी स्वतःची आवड म्हणाल तर ती मामांच्या गोष्टींची. परंतु तसें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. मी दहा वर्षांचा असतांना वीरेश्वराच्या छबिन्याला आलेले पाहुणे आमच्या माजघरांत दाटीनें बसले होते. मामांच्या तळहातांत दडलेलें पान मला दिसलें, आणि मी ओरडलों. सर्व हंसले, मामाहि हंसले. त्यांनीं शांतपणें पानें गोळा केलीं. त्यानंतर मामा आमच्या घरीं असंख्य वेळां आले, पण पत्ते आले नाहींत. ज्याला पाहावयाचें त्यानें पोलादपुरास जावें. माझा मुलगा सुटींत तेथें महिना महिना राही. मी कधीं 'दाखवा' म्हटलें नाहीं, त्यांनींहि कधीं विचारलें नाहीं.

अखेरच्या आजारांत त्यांनीं एक कॅट माझ्या मुलाला दिला. मुलाचें बिऱ्हाड मुंबईस, म्हणून तो येथल्याच ट्रंकेंत होता. २०२१ च्या जुलैंत महाडांत महापूर आला तेव्हां ट्रंक पाण्याखालीं गेली, आणि पानें एकमेकांस चिकटून त्यांची वीट झाली. ती वीट अद्याप फडताळांत आहे.

परवां नातीनें आपल्या नव्या कॅटानें खेळ केला. चौकटचा गुलाम मध्यें खुपसला, वर फुंकर मारली, आणि "रुसलेला जांवई रुसून जातो कोठें?" असें म्हणून तोच वरून उचलला. मामा गेले तेव्हां ही पोर जन्मलीहि नव्हती.

पान कोठें होतें तें मला दिसलें होतें. मी दिव्याकडे पाहूं लागलों. भाच्याचा मुलगा "पुन्हां कर, पुन्हां कर" म्हणून तिच्या मागें लागला. तिनें पानें गोळा करून मांडीखालीं घातलीं आणि म्हणाली, "एका बैठकींत दोनदां नाहीं."