दारूबंदीच्या राज्यात बैठकीचा शोध

गुजरातेत दारू पिणे हाच गुन्हा असल्याने 'मला दारू सुटत नाही' ही कबुली वडोदऱ्याच्या गोत्रीत देणे पणजीपेक्षा कठीण ठरते. मुंबई राज्याचा १९४९ चा दारूबंदी कायदा गुजरातने १९६० नंतरही कायम ठेवला; २०१७ मध्ये विक्रीसाठीची शिक्षा १० वर्षांपर्यंत वाढवली. तरीही जुलै २०२२ मध्ये बोटाद परिसरात विषारी दारूने ४० हून अधिक बळी घेतले. दारू हटली नाही, लपली. तिच्यासोबत रुग्णही लपला.

म्हणूनच येथे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीचे मोल अधिक. अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे १९३५ मध्ये सुरू झालेल्या या चळवळीत शुल्क नाही, आडनावाची चौकशी नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. परंतु बैठकीचा पत्ता विचारावा कोणाला? शेजाऱ्याला विचारले तर बभ्रा होतो. बहुधा पत्नीच तो शोधत फिरते. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे स्वतंत्र गट असतात, हे तिला कोणी सांगत नाही.

गोव्याने यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. आपल्याकडे बाटली उघड मिळते, व्यसन मात्र आजार न ठरता स्वभावदोष ठरते.

दीर्घकाळ पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडल्यास आकडी येऊ शकते. त्यामुळे बैठकीइतकाच डॉक्टरही आवश्यक. गोत्रीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तेथील बाह्यरुग्ण विभागाच्या फलकावर जवळच्या बैठकीचा वार आणि वेळ लिहिण्यास दारूबंदीची आडकाठी नसावी.