विश्लेषण : एका सेटिंगने सर्व्हरचे वीजबिल कमी होते?

विजेची किंमत काय असते, हे मुळशी तालुक्याने फार आधी अनुभवले आहे. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांचे धरण उभे राहू लागले, तेव्हा 1921 मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. जमिनी तरीही पाण्याखाली गेल्याच. आज याच तालुक्यात हिंजवडीचे आयटी पार्क आहे आणि पिरंगुट-उरवडे पट्ट्यात कारखाने आहेत. कारखाना म्हटला की हिशेबाचा, हजेरीचा, कॅमेऱ्यांचा सर्व्हर आलाच. तो रात्री आणि दिवाळीच्या सुट्टीतही चालू असतो. काम नसताना तो किती वीज खातो, हे सहसा कोणी पाहत नाही.

रिकामा सर्व्हर वीज का खातो?

गूगलचे लुईझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी 2007 मध्ये मांडले, की सर्व्हर बहुतेक वेळ क्षमतेच्या 10 ते 50 टक्केच वापरले जातात, पण जवळजवळ रिकामे असतानाही पूर्ण भाराच्या निम्मी वीज घेतात. त्यानंतरचे प्रोसेसर बरेच सुधारले. मात्र त्यांना विश्रांती द्यायची की नाही, हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते.

ती दोन गोष्टी सांभाळते: काम चालू असताना वेग किती ठेवायचा आणि काम संपले की प्रोसेसरला किती गाढ झोपू द्यायचे. वेग उतरला की व्होल्टेजही उतरवता येते, आणि वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात लागते. दोन्ही 20 टक्क्यांनी कमी केले, तर गणिताने चिपला कामासाठी लागणारी वीज जवळपास निम्मी होते. काम लांबते हे धरूनही तेवढ्या कामामागे एक तृतीयांशाहून अधिक वीज वाचते. डिस्क, पंखे, मेमरी यांचा खर्च वेगळा, त्यामुळे बिलात इतकी घट दिसत नाही.

मग अडते कुठे?

लिनक्समध्ये वेग ठरवणाऱ्या भागाला ‘गव्हर्नर’ म्हणतात. तो ‘परफॉर्मन्स’वर असला, की प्रोसेसर सतत वरच्या वेगाकडे धावतो, ‘स्केडयुटिल’ भार पाहून वेग बदलतो. रेड हॅटची ‘ट्यून्ड’ सुविधा सर्व्हरवर मुळातच वेगाला झुकते माप देते. विंडोज सर्व्हरमध्ये ‘बॅलन्स्ड’ योजना आधीपासून असते, पण बसवणारा ती बदलून ‘हाय परफॉर्मन्स’ करून जाऊ शकतो. त्याचेही बरोबरच. यंत्रणा संथ झाली तर फोन त्याला येतो, वीजबिल मात्र लेखा विभागाकडे जाते. खरी अडचण तंत्राची नाही, या वाटणीची आहे.

एका सर्व्हरमागे सरासरी 50 वॅट वाचले असे धरा. वर्षाला 438 युनिट होतात. शंभर सर्व्हरचे 43,800. नवे यंत्र घ्यायची गरज नाही. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या लिनक्स 6.13 मध्ये वॉटर्लू विद्यापीठातील संशोधकांनी सुचवलेला सुमारे 30 ओळींचा बदल आहे. नेटवर्कचे काम हाताळण्याची पद्धत बदलून ठरावीक परिस्थितीत 30 टक्क्यांपर्यंत ऊर्जा वाचू शकते, असा त्यांचा दावा आहे.

सगळीकडे हे चालणार नाही. गाढ झोपेतून उठायला प्रोसेसरला शंभरेक मायक्रोसेकंद लागू शकतात. शेअर बाजाराच्या सौद्यांत तेवढा उशीरही महाग पडतो. रजेच्या अर्जात तो कुणाला कळणारही नाही. म्हणून सर्व्हर खरेदीच्या निविदेत, निदान सरकारी तरी, रिकाम्या आणि अर्ध्या भारावर किती वॅट लागतात हे विचारलेच पाहिजे.

बदल आधी एकाच सर्व्हरवर करून आठवडाभर वॅट आणि प्रतिसादाचा वेळ दोन्ही मोजावेत. नावावर जाऊ नये: इंटेलच्या अनेक प्रोसेसरवर ‘पॉवरसेव्ह’ निवडले तरी भार वाढला की वेग वाढतोच. आणि बायोसमध्ये ‘मॅक्सिमम परफॉर्मन्स’ निवडून वीजनियंत्रण ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातातून काढून घेतलेले असेल, तर वरच्या कोणत्याही सेटिंगचा फारसा उपयोग होत नाही. तपासणी तिथूनच सुरू करावी लागते.