राखण फुकट नसते

चंबळच्या दऱ्याखोऱ्यांलगतच्या ग्वाल्हेरकडील खेड्यांना गावाची राखण गावानेच करण्याची सवय दरोडेखोरांच्या काळापासून आहे. मध्य प्रदेशाने १९९९ साली ग्राम व नगर रक्षा समित्यांचा कायदा करून त्या सवयीला शासनमान्यता दिली. गस्त घालणे, पोलिसांना साहाय्य करणे ही कामे गावकरी स्वेच्छेने करतात. ही वृत्ती निःसंशय अभिनंदनीय आहे.

प्रश्न आहे तो सरकारच्या वृत्तीचा. ठाण्यात माणसे नाहीत, तिजोरीत खडखडाट आहे, म्हणून स्वयंसेवकाला पुढे करायचे, ही काटकसर अंती महागातच पडते. मध्य प्रदेशातूनच २००० साली वेगळ्या झालेल्या छत्तीसगडने तुटपुंज्या मानधनावर आणि जुजबी शिक्षणावर आदिवासी तरुणांच्या हाती बंदुका दिल्या. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाला तो प्रकार घटनाबाह्य ठरवावा लागला. १९४६ साली मुंबईत जन्मलेल्या होमगार्ड दलाची कथाही फारशी निराळी नाही. पोलिसांची कामे करणाऱ्या या जवानांना पोलिसाच्या किमान वेतनाइतका भत्ता द्या, हे २०१५ साली न्यायालयालाच सांगावे लागले.

आमच्या किनाऱ्यावरील सागर रक्षक दलाच्या मच्छीमार बांधवांनाही हाच न्याय लागू आहे. स्वयंसेवकाला प्रशिक्षण, विमा आणि अधिकारांची स्पष्ट मर्यादा द्या. अटक, तपास व शस्त्र मात्र पगारी आणि उत्तरदायी पोलिसांकडेच राहू द्या. सुखवस्तू शहराला पोलीस आणि गरीब खेड्याला फुकटचा राखणदार, ही वाटणी लोकशाहीला शोभणारी नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.