खेळणी स्वस्त, सोबत महाग

खेळण्यांच्या बाजाराकडे सरकारचे लक्ष अलीकडे चांगलेच वळले आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे चिन्हही सक्तीचे झाले. देशी कारागिराला आधार हवा आणि मुलाच्या तोंडात विषारी रंग जाऊ नये, याबद्दल दुमत नाही. पण खेळणे चांगले मिळाले की बालपण आपोआप घडते, ही समजूत मात्र तपासायला हवी.

फ्रीड्रिख फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीतील ब्लांकेनबुर्गला शिशुशिक्षणाचे काम सुरू केले. त्याचे साहित्य म्हणजे लोकरीचे चेंडू आणि लाकडी ठोकळे. एका घनाचे आठ लहान घन व्हायचे आणि त्यांचीच कधी खुर्ची, कधी भिंत. मात्र ठोकळे मुलांपुढे टाकून तो मोकळा झाला नाही. ते कसे द्यावेत हे शिकवण्यासाठी त्याने शिक्षिकाही तयार केल्या. आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम उभारले. मॉन्टेसरी शिक्षणपद्धतीचे महागडे साहित्य तिथे परवडणारे नव्हते. ताराबाईंनी तत्त्व ठेवले, वस्तू बदलल्या. शंख-शिंपले, खडे, बिया आणि पाने यांतून मुले मोजायला, निवडायला, लहान-मोठे ओळखायला शिकली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली.

यावर रास्त आक्षेप असा, की खड्या-शिंपल्यांचे कौतुक म्हणजे गरिबांच्या मुलांवर खर्च न करण्याची सबब. ते कौतुक तसे वापरले जाऊ शकते, हे खरे. पण बोर्डीत खडे फुकट होते, तरी शिक्षण फुकट नव्हते. कोणता खडा कधी पुढे करायचा आणि कधी गप्प बसून पाहायचे, हे जाणणाऱ्या माणसाचा वेळ त्यामागे होता. दुसरा आक्षेप, मुले मोठ्यांवाचूनही खेळतात. खेळतातच, पण त्यासाठीही सुरक्षित जागा, सवंगडी आणि मोकळा वेळ कुणीतरी राखावा लागतो.

ही जबाबदारी आज ज्या अंगणवाडी सेविकेवर आहे, ती मानधनावर काम करते. पोषण आहार, सर्वेक्षणे, नोंदी हे सारे तिच्याच डोक्यावर. तिच्याकडे खेळणीसंच पाठवण्याआधी तिचे रोजचे दोन तास मोकळे करा आणि त्या तासांचा पूर्ण पगार द्या. खेळण्यांचे धोरण तिथून सुरू व्हायला हवे.